आधी पत्रा, मग इंजिन
वाचकांचे प्रश्न : जपानहून आणलेल्या जुन्या स्पोर्ट्स गाड्या

या वेळच्या बहुतेक पत्रांत विचारणा इंजिनाची आहे : किती ताकद, कोणता टर्बो, कोणतं कार्ब्युरेटर. आमचं ठाम मत असं, की तीस वर्षं आणि त्याहून जुन्या जपानी गाडीचं भवितव्य इंजिन नाही, पत्रा ठरवतो. इंजिनाचे भाग आजही मिळतात, न मिळाले तर करून घेता येतात. आतून कुजलेला सांगाडा सरळ करताना मात्र पैसा, वेळ आणि उत्साह तिन्ही संपतात. म्हणून उत्तरांचा क्रमही तसाच लावला आहे.

प्रश्न : जपानमधल्या लिलावातून १९९२ ची निसान स्कायलाइन जीटी-आर घ्यायचा विचार आहे. तपासणी-पत्रकावर ‘आर’ दर्जा आहे आणि गाडीच्या आकृतीवर ए१, यू२, डब्ल्यू२, एस१ अशा खुणा आहेत. ‘आर’ असेल तर गाडी सोडून द्यावी का?

उत्तर : लगेच सोडू नका, पण कारण कळेपर्यंत बोलीही लावू नका. ‘आर’ किंवा ‘आरए’ म्हणजे गाडीच्या सांगाड्याचा एखादा भाग पूर्वी दुरुस्त केलेला किंवा बदललेला आहे. बॉनेट, दरवाजे, पुढची मडगार्डं हे बोल्टवर बसणारे भाग बदलले तर गाडी या वर्गात जात नाही. साइड मेंबर आणि क्रॉस मेंबर (सांगाड्याचे लांबीचे आणि आडवे दांडे), खांब, छप्पर, फ्लोअर, डिकीचा तळ, रेडिएटर सपोर्ट यांपैकी कशाला हात लागला असेल तर जाते. आता रेडिएटर सपोर्ट नीट बदललेली गाडी आणि पुढचा साइड मेंबर ओढून सरळ केलेली गाडी यांत फार मोठं अंतर आहे, पण दर्जा दोन्हींना एकच मिळतो. पत्रकाच्या खालच्या चौकटीत तपासनिसाने जपानीत हाताने लिहिलेला शेरा असतो. त्याचं भाषांतर मध्यस्थाकडून शब्दशः मागवा. ‘ठीक आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका.

आकृतीवरच्या खुणा अशा : ए म्हणजे ओरखडा, यू पोचा, बी ओरखड्यासह पोचा, डब्ल्यू दुरुस्तीनंतर पत्र्यावर राहिलेली लाट, एस गंज, सी पत्रा खाल्ला जाईपर्यंत गेलेला गंज, एक्स बदलायला हवा असा भाग आणि एक्सएक्स बदललेला भाग. पुढचा आकडा जितका मोठा तितकं नुकसान जास्त. दरवाजावरच्या ए३ ची काळजी करू नका, तो रंगाचा खर्च आहे. मागच्या क्वार्टर पॅनेलवर (मागच्या चाकावरचा पत्रा) डब्ल्यू आणि त्याच बाजूच्या सिलवर (दरवाजाखालची लांब पोकळ पेटी) एस अशी जोडी दिसली तर सावध व्हा. गंजावर पुट्टी भरून रंग दिल्याची ती नेहमीची खूण आहे. तपासनीस गाडीखाली फार वेळ घालवत नाही, त्यामुळे पत्रकात नसलेला गंज गाडीत नाही असं समजू नये. आर३२ साठी, म्हणजे तुमच्या १९९२ च्या पिढीसाठी, पाच ठिकाणचे जवळून काढलेले फोटो मागा : पुढच्या स्ट्रट टॉवरचा (सस्पेन्शनचं वरचं टोक बसतं तो उंचवटा) माथा, मागचे स्ट्रट टॉवर, सिलखालच्या जॅक लावायच्या जागा, डिकीच्या तळाचे दोन्ही कोपरे आणि मागच्या चाकांच्या कमानींची आतली कड. गाडीची आधीची नोंदणी होक्काइदो, तोहोकू किंवा जपानी समुद्राकडच्या पट्ट्यातली असेल, तर हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ तिच्या पोटाला लागलेलं असणार, हे धरूनच बघा.

दोन गोष्टी कागदपत्रांच्या. पत्रकावर वर्ष जपानी कालगणनेत असतं : हेइसेइच्या आकड्यात १९८८ मिळवा, शोवाच्या आकड्यात १९२५. हेइसेइ ४ म्हणजे १९९२. शिवाय निर्यात-प्रमाणपत्रावरचा महिना जपानमधल्या पहिल्या नोंदणीचा असतो, बांधणीचा नव्हे. जुनी गाडी आयात करण्यासाठीची अमेरिकेत २५ वर्षांची आणि कॅनडात १५ वर्षांची अट बांधणीच्या महिन्यापासून मोजली जाते. सीटबेल्टच्या लेबलवर बेल्टच्या निर्मितीची तारीख असते, तिच्यावरून अंदाज येतो. पक्की तारीख फ्रेम नंबरवरून (सांगाड्यावर कोरलेला क्रमांक) काढून घ्या.

तो फ्रेम नंबर स्वतः वाचा. खऱ्या आर३२ जीटी-आरचा नंबर बीएनआर३२ ने सुरू होतो. एचसीआर३२ म्हणजे मागच्या चाकांवर चालणारी जीटीएस-टी. तिला रुंद मडगार्डं आणि जीटी-आरचं आरबी२६ इंजिन लावलं तरी ती जीटी-आर होत नाही. हाच नियम १९७० च्या सुमाराच्या स्कायलाइनला, म्हणजे ‘हाकोसुका’ला : दोन दारांची खरी जीटी-आर केपीजीसी१० असते. केजीसी१० वर जीटी-आरचा साज चढवलेल्या गाड्या भरपूर आहेत. त्या चांगल्या असू शकतात, फक्त खऱ्या जीटी-आरच्या मोलाने घ्यायच्या नसतात.

प्रश्न : १९७१ ची डॅटसन २४०झेड बघायला जायचं आहे. वरून रंग सुंदर आहे. गाडीखाली झोपून नेमकं काय बघायचं?

उत्तर : पातळ फडक्यात गुंडाळलेलं चुंबक, जोरदार टॉर्च, छोटा आरसा, बोथट टोकाचा स्क्रू-ड्रायव्हर आणि लिटरभर पाणी बरोबर न्या. या गाडीला वेगळी चेसिस नाही. पत्र्याच्या पोकळ पेट्या एकमेकींना स्पॉट-वेल्ड करूनच तिचा सांगाडा झाला आहे, आणि त्या पेट्यांना आतून गंजरोधक लेप जवळजवळ नव्हताच. त्यामुळे गंज आतून बाहेर येतो. बाहेर फोड दिसतो तेव्हा आतला पत्रा बराचसा गेलेला असतो.

सुरुवात बॅटरीखालच्या तबकडीपासून करा. आम्ल तिथून ओघळतं आणि बरोबर खालच्या फ्रेम रेलवर पडतं. तबकडी बदलणं सोपं आहे, पण रेलवर स्क्रू-ड्रायव्हरने दाबून बघा. पत्रा दबला किंवा कुरकुरला तर आतून पोकळ झाला आहे. तिथून पुढे जाऊन रेडिएटर सपोर्टचे खालचे कोपरे आणि टेन्शन रॉडचे (पुढच्या चाकाला मागे-पुढे सरकू न देणारा दांडा) ब्रॅकेट बघा. ब्रेक लावताना पुढच्या चाकाचा सगळा ओढा त्या ब्रॅकेटवर येतो, म्हणून तिथल्या भेगा क्षम्य नाहीत.

नंतर समोरच्या काचेखालची जाळी. तिच्यात हळूहळू लिटरभर पाणी ओता. ते दोन्ही पुढच्या मडगार्डांच्या मागून जमिनीवर गळायला हवं. पाणी आत पाय ठेवायच्या जागी आलं, तर जाळीखालचं पन्हळ कुजलं आहे. ते वेल्डिंगने आत बसवलेलं असल्यामुळे तिथवर पोचण्यासाठी वरचा पत्रा कापावा लागतो. विकणाऱ्याने पाणी ओतू दिलं नाही, तर त्यालाच उत्तर समजा.

आत गालिचा उचला. फ्लोअरवर डांबराची जाड चादर चिकटवलेली असते. तिच्यावर बोटांनी ठोका. बद्द आवाज आला किंवा चादर पत्र्यापासून सुटलेली वाटली, तर खाली पाणी मुरलं आहे. मग खालून फ्लोअरच्या रेल, सिल, दरवाजामागचा मागच्या चाकाच्या कमानीपुढचा कोपरा, कमानीची दुहेरी कड, स्टेपनीचा खळगा आणि मागच्या काचेच्या दरवाजाखालचा आडवा पत्रा. प्रत्येक ठिकाणी चुंबक फिरवा. ते सैल धरत असेल तर खाली पुट्टी आहे.

शेवटची परीक्षा सगळ्यांत महत्त्वाची. दरवाजाच्या फटी मोजा, मालकाच्या परवानगीने गाडी एका बाजूने जॅक पॉइंटवर थोडी उचला आणि त्या बाजूचा दरवाजा उघडून पुन्हा लावा. तो अडकला किंवा फट डोळ्यांना बदललेली दिसली, तर सांगाडा वाकतो आहे.

आमचा निवाडा असा. नुसतं फ्लोअर, नुसती बॅटरीची तबकडी किंवा स्टेपनीचा खळगा गेला असेल तर गाडी घ्या. हे पत्रे तयार मिळतात. फ्रेम रेल, सिल आणि दरवाजामागचा कोपरा हे तिन्ही एकाच बाजूला गेले असतील तर रंग कितीही सुंदर असो, दुसरी गाडी शोधा.

प्रश्न : अशाच गाडीचं फ्लोअर आणि एक सिल बदलायची आहे. वेल्डिंग येतं, पण गाडी वाकडी होईल अशी भीती वाटते.

उत्तर : भीती रास्त आहे. सिल कापण्याआधी गाडी स्टँडवर चढवा. तिचं वजन शक्य तितकं चाकांच्या जागीच पेललं गेलं पाहिजे. दरवाजाच्या चौकटीत बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत चौकोनी नळीचे दोन आडवे आणि एक तिरका असे आधार टाके मारून बसवा. चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून लिहून ठेवा, आणि प्रत्येक टप्प्यानंतर पुन्हा मोजा. एका वेळी एकच बाजू कापा. फ्लोअर आणि सिल एकदम कधीही काढू नका.

डांबराची चादर खरवडण्यात दिवस घालवू नका. तिच्यावर कोरड्या बर्फाचे तुकडे पसरा, पंधरा-वीस मिनिटांनी हातोडी मारा. ती काचेसारखी तडकून सुटते. दारं-खिडक्या उघड्या ठेवा, कारण साठलेला कार्बन डायऑक्साइड गुदमरवतो, आणि हातात जाड मोजे घाला. बाहेरच्या मोठ्या सपाट पत्र्यांवर, म्हणजे छप्पर, बॉनेट आणि दरवाजांवर, वाळूचा मारा करू नका. पत्रा ताणला जाऊन लाटा येतात आणि त्या पुन्हा बसत नाहीत. पूर्ण सांगाडा आम्लात बुडवून घेण्याचा सल्लाही आम्ही देत नाही. दुहेरी पत्र्यांच्या सांध्यांत अडकलेलं आम्ल नव्या रंगाखालून पुन्हा बाहेर येतं.

फ्लोअरसाठी ०.८ ते १ मिलिमीटर पत्रा आणि मिग वेल्डरला ०.६ मिलिमीटरची तार. सलग रेघ मारायची नाही. सुमारे २५ मिलिमीटर अंतरावर टाके मारा, एक टाका इकडे तर पुढचा त्याच्यापासून दूर, आणि हात लावता येईल इतकं थंड झाल्यावरच मधल्या जागा भरा. एकावर एक येणाऱ्या कडांना वेल्डिंग सोसणारा झिंक प्रायमर आधी लावा. काम झाल्यावर उघड्या पत्र्यावर प्रथम इपॉक्सी प्रायमर, पुट्टी त्याच्यावर. पुट्टी पाणी शोषते, म्हणून ती थेट लोखंडावर भरणं म्हणजे नव्या गंजाला जागा करून देणं. रंग पूर्ण सुकल्यावर सगळ्या पोकळ पेट्यांत लांब नळीने मेण फवारा. ते वेल्डिंगच्या आधी मारलं तर पेट घेतं, म्हणून ते शेवटीच.

एक सूचना, जी बहुतेक जण उशिरा ऐकतात : दारांची रबरं, दिवे, बंपर आणि काचा रंगाआधी एकदा बसवून बघा. नवी रबरं बऱ्याचदा जाड येतात, आणि दरवाजाची बिजागरी त्यांच्याबरोबरच जुळवावी लागते. रंगानंतर जुळवायला गेलात तर कडांचा रंग उडतो.

प्रश्न : २४०झेड बारा वर्षं उभी होती. इंजिन अडकलेलं नाही असं विकणारा म्हणतो. नवी बॅटरी लावून सेल्फ मारला तर चालेल का?

उत्तर : नाही. सेल्फ मारण्याआधी दोन-तीन दिवसांचं काम आहे, आणि ते केलं तर हे एल२४ इंजिन सहसा साथ देतं.

सहाही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये ५ ते १० मिलिलिटर पातळ तेल घाला आणि दिवसभर राहू द्या. तेवढ्यात वरचं कव्हर काढून प्रत्येक व्हॉल्व्हच्या दांड्यावर गंज सोडवणारं तेल सोडा. उभ्या गाडीत व्हॉल्व्ह उघड्या स्थितीत चिकटतात, आणि इंजिन जबरदस्तीने फिरवलं की रॉकर सुटतो किंवा त्याखालची चकती उडते. दुसऱ्या दिवशी क्रँक पुलीच्या बोल्टवर २७ मिलिमीटरचा सॉकेट लावून, समोरून पाहताना घड्याळाच्या दिशेने, हाताने सावकाश फिरवा. अडलं तर थांबा, पुन्हा तेल, पुन्हा एक दिवस. लांब पाइप लावून जोर काढू नका. दोन पूर्ण फेरे होईपर्यंत बाराही व्हॉल्व्ह वर-खाली होताना डोळ्यांनी बघा.

मग तेल आणि फिल्टर बदला. कॉइलची वायर काढून ठेवा आणि प्लग न लावताच दहा-दहा सेकंद सेल्फ मारा, ऑइल गेजचा काटा उठेपर्यंत. कव्हर उघडं असतानाच बघा : कॅमला तेल देणारी नळी किंवा कॅमवरची बारीक छिद्रं प्रत्येक लोबवर तेल सोडतात की नाही. एखादं छिद्र बुजलेलं असेल तर तो लोब थोड्याच वेळात झिजतो. या इंजिनात रॉकर कॅमवर थेट घासतो, त्यामुळे झिंकचं प्रमाण चांगलं असलेलं तेल वापरा. आधुनिक गाड्यांच्या बऱ्याच तेलांत ते कमी केलेलं असतं.

आता कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब. सगळे प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडी. चांगल्या इंजिनात १६० ते १८० पीएसआयच्या (चौरस इंचावर पौंड) आसपास आकडे येतात, पण त्यांचा सारखेपणा जास्त महत्त्वाचा : सर्वांत कमी आकडा सर्वांत जास्त आकड्याच्या ८० टक्क्यांखाली नको. एखाद्या सिलिंडरमध्ये कमी आला तर चमचाभर तेल घालून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा, न चढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. बराच काळ उभ्या इंजिनाच्या रिंगा चिकटलेल्या असतात, म्हणून पहिल्याच आकड्यावर इंजिन खोलायला घेऊ नका. काही तास चालवून पुन्हा मोजा.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, थंड इंजिनावर इनटेकला ०.२० आणि एक्झॉस्टला ०.२५ मिलिमीटर ठेवा. गरम झाल्यावर तेच ०.२५ आणि ०.३० तपासा. डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटची फट ०.४५ ते ०.५५ मिलिमीटर. फायरिंग क्रम १-५-३-६-२-४. जुन्या टाकीतलं पेट्रोल इंजिनाला अजिबात दाखवू नका. पहिल्यांदा चालू करताना वेगळ्या स्वच्छ डब्यातून पेट्रोल द्या, आणि टाकी उतरवून आतला गंज काढल्याशिवाय जोडू नका. पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्या. जुनं रबर इथेनॉलमुळे मऊ पडून भेगाळतं, आणि या गाडीत त्या नळ्या गरम एक्झॉस्टच्या वरून जातात. ब्रेकच्या नळ्या, व्हील सिलिंडरची रबरं आणि ब्रेक फ्लुइड बदलल्याशिवाय गाडी जागची हलवू नका. जुने ब्रेक शू, क्लच प्लेट आणि गॅस्केट यांत ॲस्बेस्टस असू शकतं, तेव्हा तिथली धूळ हवेच्या झोताने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

हेड काढायची वेळ आलीच तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. कॅमचं चाक सुटण्याआधी टायमिंग चेनच्या दोन बाजूंमध्ये लाकडाची पाचर वरून घट्ट बसवा, नाहीतर खालचा टेन्शनर बाहेर उडी मारतो आणि तो परत बसवायला पुढचं सगळं कव्हर काढावं लागतं. दुसरं म्हणजे हेडच्या पुढच्या टोकाला टायमिंग कव्हरमध्ये जाणारे दोन बारीक बोल्ट असतात. ते विसरून हेड उचटलं की कव्हरचा कान तुटतो.

प्रश्न : माझ्या २४०झेडला दोन हिताची एसयू कार्ब्युरेटर आहेत. आयडल चांगलं आहे, पण ॲक्सिलरेटर झटकन दाबला की गाडी दचकते, मग उचलते.

उत्तर : आधी वरच्या टोपीतला डॅम्पर काढून तेल बघा. बहुतेक वेळा ते संपलेलं असतं. झटका देताना पिस्टन एकदम वर उडू नये आणि मिश्रण क्षणभर दाट व्हावं, हे काम तेच करतं. एसएई २० चं तेल खुणेपर्यंत भरा. २०डब्ल्यू-५० सारखं जाड तेल घातलं तर पिस्टन आळशी होतो आणि गाडी उलट बाजूने बिघडते.

तेल ठीक असेल तर पुढचा क्रम पाळा, कारण एकाची सेटिंग दुसऱ्यावर उभी असते : टॅपेट, पॉइंट, टायमिंग, आणि मगच कार्ब्युरेटर. डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूम नळीतून तोंडाने हवा ओढा. आतली पॉइंटची तबकडी हलली पाहिजे आणि जीभ लावून धरल्यावर जागीच राहिली पाहिजे. डायफ्रॅम फाटलेला किंवा तबकडीच्या गोळ्या अडकलेल्या असतील तर लक्षणं हुबेहूब कार्ब्युरेटरसारखी दिसतात.

मग हवेचा गेज लावून दोन्ही गळ्यांचा ओढा सारखा करा. मिश्रणाचा नट पूर्ण वर नेऊन अडीच फेरे खाली, ही सुरुवात. गरम इंजिनावर पिस्टन जेमतेम एक मिलिमीटर उचला. फेरे वाढून वाढलेलेच राहिले तर मिश्रण दाट, इंजिन बसायला लागलं तर पातळ, किंचित वाढून पूर्ववत झाले तर बरोबर. काहीच स्थिर राहत नसेल तर थ्रॉटलच्या दांड्याच्या टोकांवर कार्ब क्लीनरचा बारीक फवारा मारा, तोही इंजिन फार तापलेलं नसताना. फेरे बदलले तर तिथले बुश झिजून हवा आत येते आहे. त्याला सेटिंगचा इलाज नाही, बुश नवे बसवावे लागतात. इलेक्ट्रिक पंप लावला असेल तर दाब ३ ते ४ पीएसआयच्या पुढे नको; फ्लोटची सुई त्यापुढे पेट्रोल अडवू शकत नाही.

प्रश्न : कार्ब्युरेटरच्या आणि दाराच्या कड्यांच्या स्क्रूंची डोकी सारखी गोल होतात. चांगला स्क्रू-ड्रायव्हर वापरूनही.

उत्तर : तो फिलिप्स आहे, आणि तुमचे स्क्रू जेआयएस या जपानी मानकाचे आहेत. खाच सारखी दिसते, पण फिलिप्सचं टोक तळापर्यंत पोचत नाही आणि जोर दिला की वर निसटतं. बऱ्याच जपानी स्क्रूंच्या डोक्यावर बारीक ठिपका असतो, तीच ओळख. जेआयएस टोकाचा स्क्रू-ड्रायव्हर घ्या, आणि घट्ट बसलेल्यांसाठी त्याच टोकाचा, हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर.

याच जातीची, पण जास्त महाग पडणारी चूक ऑइल प्रेशरच्या सेन्सरपाशी होते. या निसान इंजिनांत तिथले आटे १/८ बीएसपीटी (ब्रिटिश माप) आहेत, इंचाला २८. बाजारातल्या बऱ्याच गेजांबरोबर १/८ एनपीटी (अमेरिकी माप) येतो, इंचाला २७. पहिले दोन-तीन फेरे तो सहज जातो, मग जोर लावला की आटे जातात किंवा तिथलं ओतीव तडकतं. मधला जोड-तुकडा वापरा.

प्रश्न : १९९३ ची माझदा आरएक्स-७ बघतो आहे. विकणाऱ्याने साध्या गेजवर १०५ पीएसआय कॉम्प्रेशन दाखवलं. पुरेसं आहे?

उत्तर : त्या आकड्यावरून काहीच ठरवता येत नाही. रोटरी इंजिनात पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतात; एका रोटरला तीन बाजू असतात, आणि साधा गेज त्यांतला सर्वांत मोठा आकडा धरून ठेवतो. एखादा एपेक्स सील (रोटरच्या कोपऱ्यावरची पट्टी) गेला असला तरी तो १०५ दाखवेल. तिन्ही बाजू वेगळ्या मोजणारा रोटरीचा खास टेस्टर हवा, आणि आकडे २५० फेऱ्यांना जुळवून घेतलेले हवेत, कारण बॅटरी जोरात असली की आकडा फुगतो. १३बी-आरईडब्ल्यू इंजिनाची किमान मर्यादा ६ किलो प्रति चौरस सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ८५ पीएसआय. एकाच रोटरच्या बाजूंत दीड किलोपेक्षा जास्त फरक नको. चाचणी इंजिन पूर्ण गरम असताना घ्या. थंड इंजिन चटकन सुरू होतं आणि गरम असताना सेल्फ खूप मारावा लागतो, ही जाणाऱ्या सीलची पहिली तक्रार असते.

तेल कमी होतं म्हणून घाबरू नका. सीलना वंगण मिळावं म्हणून हे इंजिन मुद्दाम थोडं तेल जाळतं. दर वेळी पेट्रोल भरताना डिपस्टिक बघायची. थंड इंजिन चालू करून मिनिटभरात बंद करायचं नाही, ते पेट्रोलने भिजून पुन्हा सुरू होत नाही. आणि कूलंटची प्लास्टिकची छोटी टाकी मूळची असेल तर आजच बदला. ती जोडावर फुटते, पाणी जातं, आणि रोटरी इंजिन एकदा तापलं की आतले कूलंट सील जातात.

प्रश्न : मित्सुबिशी जीटीओ, १९९१. मधूनच मिसिंग करते, कधी आयडल चढतं, गॅरेजला काही सापडत नाही.

उत्तर : ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, उघडा. त्या काळच्या जपानी गाड्यांच्या ईसीयूमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर गळतात, आणि जीटीओ त्यात अग्रभागी आहे. झाकण काढल्यावर माशासारखा वास आणि कपॅसिटरच्या पायांशी तपकिरी डाग दिसले तर निदान झालं. तितक्याच मायक्रोफॅरडचे, व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त, आणि १०५ अंश सोसणारे नवे बसवा. त्याआधी गळलेला द्रव आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण धुवा, तो तांब्याच्या रेघा खात राहतो. डाग दिसत नसले तरी आम्ही बदलून घ्या असंच सांगू. वाट पाहिली तर बोर्डच हातचा जातो.

प्रश्न : आर३२ जीटी-आरचे मूळ टर्बो ठेवून बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) थोडा वाढवायचा आहे. किती?

उत्तर : मूळ टर्बोंची एक्झॉस्टकडची चक्रं सिरॅमिकची आहेत. साधारण १ बारच्या पुढे ती तुटायला लागतात. शिवाय इंजिन जपानमधल्या ९८-१०० ऑक्टेनच्या पेट्रोलवर जुळवलेलं आहे. तुमच्याकडे ९५ किंवा त्याहून कमी मिळत असेल तर बूस्ट वाढवू नका, उलट टायमिंग तपासून घ्या. खर्च करायचाच असेल तर आधी ऑइल पंपाकडे बघा : सुरुवातीच्या आर३२ मध्ये क्रँकवरचा पंप फिरवणारा सपाट भाग अरुंद आहे आणि उंच फेऱ्यांवर पंपाचे गिअर तुटतात. टायमिंग बेल्ट १ लाख किलोमीटरची वाट न बघता वयावर बदला. तो तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. निसानने २०१७ पासून आर३२ चे बरेच भाग पुन्हा बनवायला घेतले आहेत. मागणी फ्रेम नंबरसह पाठवा.

प्रश्न : मागचं सस्पेन्शन खोलताना २४०झेडच्या खालच्या आर्मचा लांब पिन हलतच नाही.

उत्तर : हातोडी खाली ठेवा. पिनच्या टोकावर मारलं की टोक फुगतं, आणि मग तो कधीच निघत नाही. पिनला मधोमध आडवी खिट्टी असते; तिचा नट काढून आधी ती खिट्टी ठोकून काढा, ती राहिली असेल तर बाकी सगळे प्रयत्न वाया जातात. दोन्ही टोकांना रोज गंजतेल सोडत काही दिवस थांबा. नंतर जाड नळी, वॉशर आणि मजबूत लांब नट वापरून पिन आट्यांवर ओढून काढा. याचे तयार पुलरही मिळतात. नव्या पिनला बसवताना भरपूर ग्रीस लावा. बुशांचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उभी राहिल्यानंतरच पूर्ण आवळा. लोंबत्या चाकांवर आवळले तर रबर कायम पिळलेलं राहून लवकर फाटतं.

प्रश्न : २४०झेड पूर्ण झाली, छान चालते, पण खिडकी उघडली की आत एक्झॉस्टचा वास येतो. सायलेन्सर नवा आहे.

उत्तर : या आकाराच्या गाडीमागे हवेचा दाब कमी होतो, धूर तिथे घुटमळतो आणि खिडकी उघडली की आत ओढला जातो. सायलेन्सरचा दोष नाही. रात्री डिकीत टॉर्च लावून ठेवा आणि बाहेरून बघा. जिथून उजेड येतो तिथून धूर येतो. मागच्या दरवाजाचं रबर, टेललाइटमागची गॅस्केट, वायरी जातात तिथली रबरी बुचं आणि पत्र्यातली प्लास्टिकची झाकणं हे चारही तपासा. रबर नीट बसतं का ते कागदाची पट्टी दारात धरून ओढून बघा. पट्टी सहज निघाली तर तेवढ्या भागात कुलपाची पकड खाली घ्या. एक्झॉस्टचा पाइप बंपरच्या पुढे थोडा बाहेर आलेला असावा, आत दडलेला नसावा. वास पूर्ण जाईपर्यंत खिडक्या बंद ठेवून, समोरची हवा आत घेणारी झडप उघडी ठेवून चालवा. कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो, म्हणून डोकं जड वाटायला लागलं तर गाडी तिथेच थांबवा.